दगड गेला की सही

११ जानेवारी

चि. सौ. ठमी हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

यातलं 'सौ.' लिहायचं की नाही, यावर पहिल्याच ओळीत गाडी अडली. लिहिणारा विचारतो, "आई, सौ. घालू का?" मी म्हटलं, "अजून सही केली नाहीस ना? मग घाल. सही झाली की तेवढी शाई वाचेल." त्याने मान खाली घालून घातलं. लिहिणारा कोण हे तू अक्षरावरून ओळखलंच असशील. तुझा नवरा. या घरात दुसरं आहे कोण? मला लिहिता येत नाही. मांजराला येत असेल, पण ते कबूल करत नाही.

आता कपाळाला हात लावू नकोस. "फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आई, काय असेल ते लेखी कळव," असं म्हणून फोन आपटणारी तूच. जिने जन्मात पाटी हातात धरली नाही, तिच्याकडे लेखी मागतेस. घे मग लेखी. मी बोलते, हा लिहितो, मग वाचून दाखवतो, मग पाकीट. खाली माझा अंगठा. कोर्टातसुद्धा चालेल असं काम आहे.

मुद्द्याचं आधी सांगते. तुझ्या वकीलबाईंनी पाठवलेले वेगळं होण्याचे कागद पोचले. हरवले नाहीत, भिजले नाहीत. मांजर त्यांच्यावर झोपतं, पण तेवढंच. हा सही करणार आहे. का-कू करत नाही. फक्त म्हणतो, "दगड गेला की करतो."

कुठला दगड, म्हणशील. आभाळातून एक दगड चाललाय. हा त्याला लघुग्रह म्हणतो, मी दगड म्हणते, आमचं दोघांचं भागतं. एखाद्या मैदानाएवढा आहे म्हणे, आणि पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहे. जवळून म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणतो चंद्राच्याही बराच पलीकडून. याला जवळ म्हणतात होय! मग तू तर माझ्या मांडीवरच बसलेली आहेस.

दगडाला नाव नाही, कैद्यासारखा नुसता नंबर आहे. काही आठवडे अंधार पडल्यावर दुर्बिणीतून दिसेल, मग गेला. पुन्हा इकडे फिरकेल तेव्हा आपल्यातलं कोणी नसणार. आपल्या अंगणातून त्याचा एक फोटो काढायचा, एवढंच याच्या मनात आहे. मी म्हटलं, "अरे पण दगडाचा आणि सहीचा संबंध काय?" तर म्हणतो, "संबंध काही नाही आई. माझ्याकडून एका वेळी एकच काम नीट होतं." हे मात्र तुला मान्य करावं लागेल.

सही झाली की मला न्यायला येणार, असं तू वकीलबाईंकडून कळवलंस. बाराव्या मजल्यावरची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवलीस. बंदरावर क्रेन चालवून चालवून तुला उंची गोड लागायला लागलेली दिसते. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. लिफ्ट आहे म्हणतेस. असेल. तुझे बाबा गेल्यावर मी या घरात आले ती चार दिवसांसाठी, आणि तू नोकरीसाठी गेलीस तीही चार दिवसांसाठीच. चार दिवस मोजायला आपण मायलेकी सारख्याच कच्च्या.

खोलीला रंग कुठला दिलास ते कळव.

आई
(अंगठा)


२० जानेवारी

चि. सौ. ठमे, आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. याने वाचून दाखवलं. 'रंग फिका निळा. सही कधी?' संपलं कार्ड. मी म्हटलं, मागे बघ काही आहे का. मागे तिकीट होतं. बापाच्या वळणावर गेलीस. तोही शब्दाला पैसे पडल्यासारखा बोलायचा.

तर उत्तर असं की दगड अजून सापडलेला नाही.

हयगय म्हणशील तर अजिबात नाही. दिवसभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढायचे आणि घरी आला की अंगणात आभाळाचे. जेवणसुद्धा उभ्याने. दुर्बिणीवरची ताडपत्री निघालीये. तू गेल्यापासून ती अंगणात भुतासारखी उभी होती, आता निदान नळकांडं दिसतं. डोळा लावायच्या जागी याने कॅमेरा बसवलाय. खाली एक मोटर आहे, ती आभाळ फिरेल तशी दुर्बीण फिरवते आणि माशीसारखी गुणगुणते. माझं इस्त्रीचं टेबल अंगणात गेलंय, त्यावर याचा कॉम्प्युटर. मी ओट्यावर टॉवेल घालून इस्त्री करते. तक्रार नाही. नुसतं कळवते.

तू नेहमी म्हणायचीस, की हा माणूस घरात असून नसतो. ते खरं आहे. पण अंगणात असला की पुरता असतो. परवा मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले तर अंधारातून ओरडला, "हलू नका! श्वास धरून ठेवा!" एक्स-रेच्या खोलीतली सवय. मी कप घेऊन पुतळ्यासारखी उभी. मांजरसुद्धा एक पाय वर धरून थांबलं. बऱ्याच वेळाने म्हणतो, "हं, सोडा श्वास." मी म्हटलं, "माझं मोडलंय का रे एखादं हाड?" तर म्हणतो, "आई, फोटो हलतो." या माणसाला जगात एकाच गोष्टीचा राग येतो, हललेल्या फोटोचा. इस्पितळात कोणी हललं की तो फोटो रद्द, पुन्हा झोपा.

दुसरी अडचण शेजारच्या टायपिस्टबाईंच्या दिव्याची. तुला आठवत असतील, कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेल्या, भिंतीवरून डोकावतात त्या. त्यांच्या मागच्या दाराचा दिवा सरळ आपल्या अंगणात येतो. हा बोलायला गेला तो "नमस्कार" म्हणून परत आला. मग मी गेले.

म्हटलं, "बाई, संध्याकाळी तेवढा दिवा बंद ठेवाल का?"

"आणि चोर आला तर?"

"आमच्या अंगणातून येईल ना? तिथे जावई उभा असतो. चोराला म्हणेल, हलू नका."

"पण करताय काय एवढं?"

"दगडाचा फोटो."

"दगड तर माझ्या दारातही आहेत," म्हणाल्या. पण दिवा बंद ठेवला. बदल्यात त्यांना आपल्या घरातली बातमी हवी असते. मी थोडी थोडी देते. एकदम दिली तर दिवा परत लागेल.

तर फोटो. हा एकाच जागेचे भाराभर फोटो काढतो. मग कॉम्प्युटर ते सगळे एकावर एक चादरींसारखे रचतो आणि मधला मळ काढून टाकतो. मळ म्हणजे मध्येच गेलेलं विमान, कुठला उपग्रह, असलं. शेवटी एकच फोटो राहतो. मी बघितला. माझा जन्म इस्पितळाच्या लॉन्ड्रीत गेला, मला स्वच्छ काय ते कळतं. असं धुतलेलं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. एकेक तारा टाचणीसारखा. फक्त दगड नाही. नकाशाप्रमाणे जिथे असायला हवा, तिथे काळंकुट्ट.

याने पुन्हा नकाशा तपासला, पुन्हा काढले. पुन्हा स्वच्छ. पुन्हा नाही.

फिका निळा चांगला आहे. मळ दिसेल पण.

आई
(अंगठा)


२७ जानेवारी

ठमे,

पत्र छापील अक्षरात बघून घाबरू नकोस. मी मेले नाही आणि वकिलाकडेही गेले नाही. हे टायपिस्टबाई बडवताहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेय. हा दिवसपाळीला गेलाय. दिव्याची सगळी परतफेड आज एकदम होणार, म्हणून बाईंनी खुर्चीवर उशी दिलीये.

पहिल्याच वाक्याला त्यांनी 'सदर पत्राद्वारे कळविण्यात येते की' असं घातलं होतं. मी म्हटलं, वाचा बघू. वाचलं. म्हटलं, काढा ते, माझी लेक मला ओळखणार नाही. नाखुशीने काढलंय.

हे पत्र याच्या हाताने का लिहवलं नाही ते ऐक. याच्यासमोर मी त्याला वाटेल ते बोलते, तो लिहितो, त्याचं त्याला काही नाही. पण ज्या गोष्टीला तो 'बरं आई' म्हणेल, ती मला त्याच्यासमोर बोलायची नाही.

सही झाली की मी या घरात कोण?

तू विचार केलायस का याचा? तू त्याची कोणी नाहीस, मग मी कोणाची कोण? आज कोणी विचारलं तर सांगते, जावयाकडे असते. लोक हसतात, हसू देत. उद्या काय सांगू? एका एक्स-रेवाल्याकडे असते? टायपिस्टबाई म्हणतात, कायद्यात याला शब्द नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं कोर्टात बसलात, एक शब्द आणता आला नाही?

तू म्हणशील, म्हणूनच तर तुला इकडे नेते. पोरी, मला यायचं नाही. एकदा स्पष्ट सांगते, कारण फोनवर मी हे सांगायला लागले की तू 'म्हणजे माझ्यापेक्षा तो जवळचा' असं म्हणतेस आणि मग ते भांडण त्याच वाटेने जातं. जवळचा-लांबचा नाही. मला माझं सकाळचं दार माहीत आहे. दूधवाला माहीत आहे, त्याची बायको कुठल्या दवाखान्यात जाते ते माहीत आहे. या अंगणात ऊन कुठल्या भिंतीवरून उतरतं ते माहीत आहे. आणि हा माणूस संध्याकाळी येतो तेव्हा कोणीतरी 'आलास का' म्हणावं लागतं, नाहीतर तो आला आहे हे त्याचं त्यालाही कळत नाही. हे सगळं बाराव्या मजल्यावर नेता येत नाही. तू दिवसभर क्रेनवर, मी दिवसभर खिडकीत. दोघी आभाळात, आणि एकमेकींना दिसणार नाही.

पण 'मला राहू दे' असं मी त्याला म्हणणार नाही. म्हटलं तर तो 'बरं' म्हणेल, आणि ते मनापासून म्हणाला की सवयीने, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. तोही मला 'राहा' म्हणणार नाही. त्याला वाटतं आईवर लेकीचा हक्क. अशी आमची गंमत चाललीये. दोघं एका टेबलाशी जेवतो आणि मीठ सोडून काही मागत नाही.

म्हणून खरं सांगते, दगड सापडत नाही याचं मला सुख आहे. तो दररोज पडलेल्या तोंडाने घरात येतो, आणि मी 'अरेरे' म्हणते, आणि आत जाऊन चांगली झोपते. आता थोडेच दिवस उरलेत म्हणे, मग दगड फिका होत जाणार. सापडला नाही तर हा सही करणार नाही, असं नाही. शब्दाचा पक्का आहे. दगड 'गेला की' म्हणालाय, 'सापडला की' नाही. पण रोज एक दिवस जातो, तेवढाच माझा.

टायपिस्टबाईंनी इथे थांबून नाक पुसलं. मी म्हटलं, रडायचं काही नाही, टाइप करा.

याचं उत्तर देऊ नकोस. तुझी पत्रं वाचून दाखवणारा तोच आहे, हे विसरू नकोस. दगडाबद्दल काय ते लिही. हवेबद्दल लिही.

आई
(अंगठा. शाई कोर्टातली, निघत नाही म्हणतात.)


४ फेब्रुवारी

चि. सौ. ठमे, आशीर्वाद.

पुन्हा जुनं अक्षर. लिहिणारा समोर बसलाय आणि आज पेन नीट धरत नाहीये.

तुझं पत्र आलं. या वेळी कार्ड नाही, पाकीट. याने उघडलं, आणि इस्पितळात रांगेतल्यांची नावं पुकारतो त्या आवाजात वाचायला लागला. हवेबद्दल दोन ओळी, वारा फार म्हणून क्रेन बंद. मग तू लिहिलंस ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय, कारण ते मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

'त्याला सांग, धुतलेला फोटो बघू नकोस. कॉम्प्युटरने रचायच्या आधीचे एकेक बघ. हललेलं सगळं काढून टाक असं त्याने त्या प्रोग्रामला सांगून ठेवलं असणार. पटत नसेल तर अंगणाचा तो फोटो आठवायला सांग. त्या संध्याकाळी मी सगळा वेळ तिथेच होते. तारेवरचे कपडे काढत होते, त्याच्याशी बोलत होते. फोटो तयार झाला तेव्हा अंगण होतं, तार होती, वर तारे होते. मी नव्हते. मला दाखवून म्हणाला, किती स्वच्छ आलाय बघ.'

एवढं वाचून झाल्यावर हा पुढे वाचेना. मी म्हटलं, संपलं का? म्हणाला, "संपलं. खाली तिचं नाव आहे." मग उठून अंगणातून कॉम्प्युटर आत आणला, जेवायच्या टेबलावर ठेवला, भांडी बाजूला सारली. मी ती मोरीत नेऊन ठेवली. बोलायला लागले तर मी थांबत नाही हे मला माहीत आहे.

मग त्याने मला समजावून सांगितलं, ते तुला सांगते. तू समजून असशीलच, पण मला कळलं हे तुला कळावं म्हणून. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरते, म्हणून सगळ्या फोटोंत तारे आपापल्या जागी. दगड मात्र चालतो. प्रत्येक फोटोत जरा पुढे. आणि कॉम्प्युटरला हुकूम होता, जे सगळ्या फोटोंत एकाच जागी नाही तो मळ, काढून टाक. दर संध्याकाळी दगड आला होता, आणि दर संध्याकाळी याने तो स्वतःच्या हाताने पुसला होता.

"जन्मभर हेच शिकलोय मी आई," म्हणाला. "हलला तो फोटो वाया."

मी म्हटलं, "हं." दुसरं काय म्हणणार? मनात पुष्कळ आलं. बंदरावर आभाळ दिसत नाही म्हणून तू गेला नाहीस, इथे काम नाही म्हणून ती थांबली नाही, आणि मग तुझ्या फोटोत कोण उरणार बाबा, असं सगळं आलं. पण माणूस पडलेला असताना त्याच्यावर उभं राहू नये. आता तो हे लिहितोय तर वाचेलच. वाच.

मग त्याने एकेक फोटो दाखवला. मळकट, विमानाच्या रेघा असलेले, न धुतलेले. बोट ठेवून म्हणाला, "इथे बघा." नखाचा ओरखडा असावा तेवढी एक रेघ. पुढच्या फोटोत ती जरा उजवीकडे. त्याच्या पुढच्यात आणखी जरा. तो बटण दाबत गेला आणि रेघ चालत गेली.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"मैदानाएवढा म्हणालास."

"लांब आहे ना आई."

"तू तर जवळ म्हणाला होतास."

त्यावर तो हसला. बऱ्याच दिवसांनी. मीही हसले. माझ्या सुखाचं काय झालं ते मी लिहवत नाही. तू समज.

त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं, तर हा पुन्हा बाहेर गेला, आणि या वेळी प्रोग्रामला काही पुसायला सांगितलं नाही. दगड फिका पडायला लागलाय, पण आला. आता याचं काम झालं.

तू हे का कळवलंस, ते मी विचारत नाही. सही लवकर व्हावी म्हणून असेल. त्याचा फोटो यावा म्हणूनही असेल. दोन्ही असेल. माणसाच्या पोटात एका वेळी एकच गोष्ट असते असं हा समजतो, मी समजत नाही.

पाकिटात दोन फोटो आहेत. एक दगडाचा. दुसरा याने जुन्यातून शोधून काढला. हा काहीच टाकून देत नाही, न धुतलेलेसुद्धा. अंगण आहे, तार आहे. तारेपाशी तू आहेस. हललेली आहेस, एका हाताचे तीन झालेत, तोंडात चिमटा आहे आणि तरी बोलते आहेस. पाठवू का नको असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तिचा फोटो आहे, तिला दे.

आई
(अंगठा)


११ फेब्रुवारी

ठमे,

सही झाली. कागद वेगळ्या पाकिटातून वकीलबाईंच्या नावाने गेले, पावती याच्या खिशात आहे.

कशी केली म्हणशील, तर उभ्याने. सकाळी बूट घालून, कामावर जाता जाता. पेन उमटेना म्हणून दुसरं आणलं. मी म्हटलं, "पेनालाही कळतंय बघ." तो म्हणाला, "आई, शाई संपलीये." याच्याशी असलं काही बोलण्यात अर्थ नसतो. जिथे जिथे खूण होती तिथे केली, मांजराला उठवून मधलं पानही केलं. मग 'येतो' म्हणून गेला. दगडही गेलाय. दुर्बिणीवर ताडपत्री आली. टायपिस्टबाईंनी दिवा लावला, अगदी दिवसासुद्धा लावून ठेवलाय, महिन्याची कसर काढताहेत.

संध्याकाळी हा परत आला, आणि बूट काढून दारातच उभा राहिला. मी आतल्या बाजूला उभी. कोण कोणाकडे आलंय हे दोघांनाही कळेना. तो म्हणाला, "आलो." मी म्हटलं, "दिसतंय." मग जेवलो.

तू रविवारी न्यायला येतेस असा तुझा निरोप आला. त्याने त्याच दिवशी माझी बॅग माळ्यावरून काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या खाटेशी आणून ठेवली. मी म्हटलं, "घाई आहे का रे?" तर म्हणाला, "तुम्हाला माळ्यावर चढता येत नाही म्हणून काढली." ते खरंच आहे. चेन कुरकुरत होती, तिला तेलही घातलं. मी बॅगेत काही भरलं नाही. का भरलं नाही हे त्याने विचारलं नाही. पातळ रजई मात्र न विचारता धुवून आणून तिच्यावर ठेवली. असा माणूस आहे हा. हाकलत असला तरी नीट घडी घालून हाकलेल, आणि हाकलत नसला तरी तसंच करेल. बघणाऱ्याने ओळखायचं कसं?

कालपर्यंत वाट पाहिली. तो बोलेल म्हणून नाही, मीच बोलेन म्हणून. जमलं नाही. बोलायला गेले की तोंडातून 'मीठ दे' निघतं. आज सकाळी वाटलं, याच्यासमोर आपण सगळं बोलू शकतो ते फक्त पत्र लिहवताना. मग पत्रच लिहवावं. म्हणून याला बसवलाय. कामावर जायचंय म्हणतोय. म्हटलं, पाच मिनिटं हाडं थांबतील.

लिही रे.

ठमे, मी तुझ्याकडे येत नाही. मी इथेच राहते.

तुझी खोली चांगली असेल. रंग चांगला असेल. तुझ्यावर माझा राग नाही, आणि तू गेलीस त्यातही मला चूक दिसत नाही. तुला चालायचं होतं, तू चाललीस. आठ-दहा दिवस राहायला येईन, लिफ्टने येईन, तुझी क्रेनही बघेन, पण परत यायचं तिकीट काढूनच येईन. रविवारी तू ये. मला न्यायला नको, भेटायला ये. या घरात जेवताना तुला अवघड वाटेल, मला माहीत आहे. टायपिस्टबाईंकडे जेवू. त्यांना फार आनंद होईल.

मी इथे कोण लागते हे मला सांगता येणार नाही. कोणी विचारलं तर बघू. इतकी वर्षं बिनसहीची राहिले, आता सहीवाचून काय अडतं?

इथवर लिहून झाल्यावर मी म्हटलं, वाचून दाखव. याने वाचलं, त्याच त्या आवाजात. मी म्हटलं, "थांब. 'मी इथेच राहते' याच्या पुढे मी म्हणाले होते, 'याची हरकत नसेल तर.' ते कुठाय?"

तो कागदाकडे बघत बसला. कागदाची दुसरी बाजूही बघितली.

"लिहायचं राहिलं," म्हणाला.

"बाकी सगळं आलं की रे. पेनाची संपलेली शाई आली, टायपिस्टबाईंचा दिवा आला."

"हो."

"मग तेवढंच कसं राहिलं?"

कामाला उशीर होतोय म्हणत होता, तो घड्याळाकडे बघेना. मग विचारतो, "आई, खोडून पुन्हा लिहू का?"

मी कागद हातात घेतला. मला त्यातलं काय कळणार? पण ओळी सरळ होत्या, खाडाखोड कुठे नव्हती. म्हटलं, नको. राहू दे.

आई
(अंगठा)